एकोणिसावं घर

रस्ता रुंद करायला निघालेल्या सरकारने आवळपाड्यातली एकोणीसपैकी अठरा घरं घेतली आणि एक सोडलं. सोडलेलं घर पारूचं. सरकारने ते आपल्या मनाने सोडलं असतं, तर निदान सरकारला शिव्या घालून तिला मोकळं होता आलं असतं. पण ते घर वाचवलं तिनेच, स्वतःच्या हातांनी, दोन दिवस उन्हात राबून. आता शिव्या घालायच्या कुणाला?

उमरोळीकडून डोंगराकडे जाणारा रस्ता आवळपाड्याच्या बरोबर मधून जातो. दोन्ही अंगांना घरं, बहुतेक कुडाची, तीन-चार विटांची. रस्त्यावर कोंबड्या, पोरं आणि सकाळ-संध्याकाळ बोईसरच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्या तरुणांच्या मोटारसायकली. रस्ता मोठा होणार, हे दोन वर्षं नुसतं कानावर येत होतं. मग एका मार्चमध्ये निरोप आला, गुरुवारी मोजणी.

निरोप आला आणि अख्खा पाडा एका रात्रीत शहाणा झाला. रेषेत जे उभं असेल ते कागदावर येतं, कागदावर येईल त्याची भरपाई मिळते, असं कुणीतरी सांगितलं होतं. मग घरं पुढे सरकू लागली. कुणी मांडव घातला, कुणी गोठा ओढला. एकाने तर न्हाणीघराच्या चार भिंती उभ्या केल्या, ज्यात शेवटपर्यंत कुणी अंघोळ केली नाही.

पारूने नेमकं उलट केलं. तिच्या घरापुढे पाच हात पडवी होती. नवऱ्याने, भिकाने, बांधलेली. भिका जाऊन आठ वर्षं झाली होती आणि पोरबाळ काही नव्हतं. तिने एकटीने पडवीचं गवत उतरवलं, वासे सोडवले, खांबांच्या मेढी उपटल्या, खड्डे बुजवले आणि वरून शेणाने असं सारवलं, की तिथे कधी पडवी होती हे सांगूनही पटू नये.

समोरच्या घरातली बुधी दारात बसून हे बघत होती. वयाने पारूहून दहा वर्षांनी लहान, पण दोघींची गट्टी जुनी. "पारूबाय, लोक फुडं सरकतात नि तू मागं जातंस?"

"सरकू दे त्यांना. माजं घर मी लायनीत येऊ देयाची नाय."

पारू वेडी नव्हती. तिच्या जन्मात पाडा दोनदा हलला होता. एकदा रोगराई आली म्हणून, एकदा ओहोळ फुगला म्हणून. दोन्ही वेळेला सगळ्यांनी मेढी उपटल्या, खांद्यावर घेतल्या आणि शंभर पावलांवर नेऊन पुन्हा रोवल्या. एकाचं घर सगळ्यांनी उभं करायचं, मग दुसऱ्याचं. आठ दिवसांत पाडा जसाच्या तसा, समोर तीच शेजारीण आणि आडोशाला तीच भांडणं. घर हलणं म्हणजे तिच्या लेखी एवढंच. या वेळीही लोक मागच्या माळावर सरकतील, असं ती धरून चालली होती. आता बासष्टाव्या वर्षी, भिका नसताना, आपल्या मेढी दुसऱ्यांच्या खांद्यावर कशाला द्या? आपण पुढे राहू, बुधी मागे राहील, जायची वाट जरा लांबेल. तिला कुणी अडवलं नाही, कारण माळाबद्दल सगळेच तसं धरून चालले होते.

गुरुवारी मोजणीदार आला. ज्ञानेश त्याचं नाव, मराठवाड्यातून नोकरीला आलेला, उन्हाने करपलेला साधा मुलगा. त्याने टेप धरली, चुन्याच्या फक्कीची रेष मारली. रेष पारूच्या भिंतीपासून दीड हातावरून गेली.

"मावशी, नशीबवान आहात," तो म्हणाला. "तुमचं घर बाधित नाही."

पारूने त्याला कोरा चहा पाजला. कागदावर अंगठा दिला. त्या दिवशी ती पाड्यातून अशी चालत होती, जणू रस्ता तिनेच मंजूर करून आणला होता.

पावसाळा सरल्यावर शाळेच्या ओट्यावर पत्र वाचलं गेलं. मागचा माळ जंगलखात्याचा, तिथे एक खुंटीही ठोकता येणार नाही. बाधितांना जागा वाणगावच्या पलीकडे. प्रत्येकाला नंबर टाकलेला प्लॉट आणि वर दोन खोल्यांचं घर. मग नावं वाचली. अठरा. आपलं नाव यात नसणार हे पारूला माहीत होतं, तरी ती शेवटच्या नावापर्यंत कान देऊन उभी राहिली. नावं संपली तशी बुधीने मागे वळून तिच्याकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी ती पालघरला गेली. भूसंपादनाच्या कचेरीत वैभवी नावाची मॅडम होती. तिने पारूला खुर्ची दिली, पाणी दिलं, कागद काढून बघितले. बाई चांगली होती, आणि चांगल्या माणसाशी भांडताही येत नाही, हीच तर पंचाईत.

"आजी, तुमचं घर तर राहिलंय. इथे लोक घर गेलं म्हणून रडत येतात."

"बाय, माजं बी पाडा."

मॅडमला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पारूने पुन्हा सांगितलं. पडवी होती, मीच काढली, रेष पडवीवरूनच जात होती. भरपाईचा पैसा नको. फकस्त बुधीच्या बाजूला जागा द्या.

"पडवी होती याचा काही पुरावा? फोटो?"

पडवीचा फोटो कोण काढतो? मोजणीच्या पंचनाम्यात लिहिलं होतं, घरासमोर मोकळी जागा. खाली अंगठा होता. मॅडमने तो अंगठा दाखवला तेव्हा पारूने तो ओळखला नाही, पण नाकारणार तरी कशी?

"यादी मंजूर झाली आहे, आजी. आता त्यात नाव घालणं माझ्या हातात नाही." मॅडम खरंच कसनुशी झाली होती. "अर्ज देऊन ठेवा."

अर्ज दिला. त्याचं उत्तर आलं ते नाहीच म्हणून आलं, फक्त तीन महिन्यांनी.

पण तोवर पारू हात बांधून बसली नव्हती. तिने पडवी पुन्हा घातली. त्याच मेढी, तेच वासे, या खेपेला सात हात, रेषेच्या पार पलीकडे. लोक हसले, तिला त्याचं काही वाटलं नाही. जेसीबी येईल, पडवी मोडेल, पडवीबरोबर घराची पुढची भिंत येईल, मग बाधित नाही म्हणायला कोण धजेल बघू.

घरांच्या आधी रेषेतले मांडव-गोठे काढायला जेसीबी आला. चालवणारा उत्तरेकडचा होता, मिशी नुकती फुटलेली. म्हातारी दारात उभी आहे आणि तिचे ओठ थरथरताहेत, हे त्याने बघितलं. त्याने यंत्र थांबवलं, खाली उतरला, तिच्यासमोर हात जोडले.

"डरो मत, माँजी. आपके घर को खरोंच भी नहीं आने दूँगा."

"येऊ दे रं बाबा," पारू म्हणाली. "येऊ दे की."

त्याला मराठी येत नव्हतं. म्हातारी आशीर्वाद देते आहे असं समजून तो परत वर चढला आणि त्याने अशा हळुवार हाताने पडवी उचलली की भिंतीवरचं सारवणसुद्धा हललं नाही. एवढं नाजूक काम त्याने जन्मात केलं नसेल. काम झाल्यावर त्याने वरून हसून बघितलं. पारूला त्याच्या हसण्याचं इतकं वाईट वाटलं, की तिनेही मान डोलावली.

दिवाळीनंतर टेम्पो आले. चार दिवस सामान जात होतं: कणग्या, पाटे, पत्रे, दारांच्या चौकटी, दावी सोडलेली वासरं. बुधी शेवटच्या खेपेला निघाली. मुलगा रूपेश, मुलगी हेतल आणि मावेल तेवढा संसार टेम्पोत होता.

"पारूबाय, तू आमच्याकडं ये रायला."

दोन खोल्या, आज ना उद्या येणारी सून आणि लग्नाची पोर. बोलणारीलाही ठाऊक होतं आणि ऐकणारीलाही.

"यीन की," पारू म्हणाली. "तू जा अगोदर. चूल मांड."

टेम्पो वळणावर दिसेनासा झाला. वळण म्हणजे तरी काय, तेही पुढे रस्तेवाल्यांनी सरळ केलं.

त्यानंतरचं सांगण्यासारखं फार नाही, आणि तेच तर दुखणं होतं. अठरा घरं पाडून सपाट झाली. रस्ता चांगला झाला, गाड्या जोरात जाऊ लागल्या, थांबायचं कारण कुणाला उरलं नाही. पाण्याला गेलं तर पाणवठ्यावर रांग नाही. पारू जन्मभर त्या रांगेवरून भांडत आली होती. आता पहिलाच हंडा तिचा आणि शेवटचाही तिचाच. भाजीत मीठ जास्त झालं तर सांगायला कुणी नाही, कमी झालं तर मागायला घर नाही. एकदा तिला ताप आला, तीन दिवस राहिला आणि गेला, आणि त्या तापाबद्दल जगात कुणालाच कळलं नाही. बरी झाल्यावर ती रडली, पण तापाने नाही. ती कोंबडीशी बोलू लागली. कोंबडी ऐकून घ्यायची, पण उलट बोलायची नाही, आणि पारूला सवय होती ती उलट बोलणाऱ्यांची.

वैशाखात एका दुपारी दारात मोटारसायकल थांबली. रूपेश! अंगाने भरला होता, नवा शर्ट होता. पारूला त्याला कुठे बसवू आणि काय देऊ असं झालं.

"हेतलचं लगीन हाय, काकी," तो म्हणाला. त्याने खिशातून हळद लावलेले तांदूळ काढून उंबऱ्यावर ठेवले आणि छापलेली पत्रिका तिच्या हातात दिली.

हेतल! ती पोर जन्मली तेव्हा पारूनेच तिला हातांवर घेतलं होतं, नाळ पारूनेच कापली होती. पारूचं तोंड उजळलं. "मी दोन दिवस आदी येते. हलद कुटायला, तांदूल निवडायला बाया नको?"

"नको, काकी, तुमी कशाला कष्ट करता? तितल्या बाया हायत. तुमी आपलं जेवायला या."

पारूची नजर उंबऱ्यावरच्या तांदळांवर गेली. लग्नाचं बोलावणं करतात ते दुसऱ्या पाड्यांना. स्वतःच्या पाड्यात बोलावणं नसतं. तिथे कुणी कुणाला तांदूळ ठेवत नाही, पत्रिका देत नाही. सगळे न बोलावता येतात, पाणी भरतात, चुली पेटवतात, रुसतात, नवरीला रडवतात. तांदूळ पाहुण्यांना. बासष्ट वर्षांत पारूच्या उंबऱ्यावर आवळपाड्याचे तांदूळ कधी पडले नव्हते.

पोराचा काय दोष? उन्हातून आला होता. तिने त्याला तांब्याभर पाणी दिलं.

पाणी पिऊन रूपेश उठला. सकाळपासून तो सात पाडे फिरला होता, आणि बोलावणाऱ्याने निघताना जे विचारायचं असतं ते त्याच्या तोंडात बसून गेलं होतं. भात किती टाकायचा ते कळावं म्हणून प्रत्येक ठिकाणी विचारतात, तसं त्याने विचारलं, "तुमच्या पाड्यातून किती माणसं येतील?"

विचारून गेल्यावर त्याचं त्यालाच उमगलं. तो चावीशी चाळा करत खाली बघू लागला.

"एक," पारू म्हणाली. "एका माणसाचा भात टाक."