पावतीवरची किंमत

मोठ्या काकांच्या दुकानात दुर्बिणी, सूक्ष्मदर्शक आणि स्वतः काका काचेमागे बसतात. बाबा काचेबाहेर. खोकी फोडायची, गिऱ्हाइकाला तिपाई जोडून दाखवायची, परदेशी कंपनीला मेल लिहायची, फोन उचलायचा, सगळं बाबा. दुकान मात्र काकांचं, आणि बाबांना पगार.

यंदा मी शाळेच्या आकाश मंडळाची अध्यक्ष झाले. बिनविरोध नाही हं, रीतसर निवडून! भाषणात एकच वचन दिलं होतं : ह्या वर्षी शनीची कडी आपल्या स्वतःच्या दुर्बिणीतून बघायची. काय टाळ्या पडल्या! मग रद्दी विकून, जुनी पुस्तकं विकून, वर्गावर्गात डबा फिरवून आम्ही पैसे जमवले आणि मी थेट काकांसमोर जाऊन उभी राहिले.

"काका, ही टेबलावर ठेवायची पाच इंची आरशाची दुर्बीण. कंपनीच्या देशात बारा हजारांना मिळते. तुमच्याकडे एकतीस. का?"

"आल्या वकीलबाई," काका म्हणाले. "अगं, ती काय चालत येते इथे? जहाज, विमा, कस्टम, कस्टमवर परत कर, गोदामाचं भाडं. एखादीचा आरसा वाटेत फुटतो, तो कुणाच्या डोक्यावर?"

मी तयारीनिशी गेले होते. एकेक आकडा आधीच बाबांकडून काढून घेतला होता. "फुटलेला आरसा धरूनही वीस होतात. वरचे अकरा?"

"ते माझ्या हिमतीचे. वर्षाला सहा खपतात, पोरी. सहा! त्यात दुकानाचं लाइटबिल तरी निघेल का?"

पण उत्तर सुचलं नाही की अध्यक्षाने आवाज चढवायचा असतो. "मग आम्ही तिकडूनच मागवतो!"

"मागव की," काका हसले. इतक्या मायेने हसले की मला तिथेच शंका यायला हवी होती.

कंपनीला मेल केली. उत्तर आलं : तुमच्या देशात आम्ही थेट पाठवत नाही, आमच्या अधिकृत विक्रेत्याला भेटा. खाली काकांच्या दुकानाचा नंबर. तिकडच्या तीन दुकानांना लिहिलं. तिघांनीही तोच नंबर कळवला. फिरफिरून भोपळे चौकात!

जेवताना बाबांना विचारलं तर म्हणाले, "करारच आहे तसा. इथे दुसऱ्या कुणी माल पाठवायचा नाही. पाठवला तर आपण कंपनीकडे तक्रार करतो."

"आपण म्हणजे कोण?"

"म्हणजे दादा सांगतो आणि मी लिहितो. मीठ दे जरा."

पण मी हार मानणारी नाही. आमच्या खजिनदारीणबाईंची मावशी त्याच देशात नोकरीला आहे आणि सुट्टीवर यायची होती. तिने तिथल्या दुकानातून बारा हजारांना दुर्बीण घेतली, पक्क्या पावतीसकट. कपड्यांच्या बॅगेत बसली सुद्धा! कस्टमला रीतसर पावती दाखवायची आणि होईल तो कर भरायचा, असं आम्ही ठरवलं होतं. चोरीमारी काही नाही. कर धरूनही सोळाच्या आत बसत होतं. बाबांना मी सगळं सांगितलं. "दादासमोर बोलू नकोस," एवढंच म्हणाले आणि त्यांनी चक्क डोळा मारला. बाबांनी डोळा मारलेला मी जन्मात पहिल्यांदा बघितला. दुसऱ्या दिवशी अख्ख्या मंडळाला तो मारून दाखवला.

मावशी आली त्या शनिवारी शाळा सुटल्यावर मी दुकानातच होते. काका चष्मा पुसत बसले होते. फोन वाजला आणि बाबांनी उचलला.

"हो, आम्हीच अधिकृत विक्रेते... कस्टममधून? बोला ना साहेब... बाईंच्या बॅगेत? शाळेसाठी म्हणतायत?"

मी उठून काउंटरपाशी गेले. बाबांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे त्यांनाही कळलं होतं.

"काय म्हणतायत?" काकांनी विचारलं.

बाबांनी फोनवर हात ठेवला. "बारा हजारांची पावती आहे. खरी असेल का, विचारतायत."

काका चष्म्याची काच उजेडाकडे धरून बघत राहिले.

मी काउंटरच्या ह्या बाजूने मान हलवत होते. हो म्हणा, हो म्हणा. खोटं बोलायला मी सांगतच नव्हते! बारा हजार ही किंमत बाबांना तोंडपाठ होती, मला ती त्यांनीच सांगितली होती.

"नाही हो साहेब," बाबा म्हणाले. "इतक्या स्वस्तात कुठे मिळते? एकतीसची वस्तू आहे ती."

फोन ठेवला आणि कपाटातलं एक खोकं उगाचच काढून परत लावायला लागले.

कस्टमने पावती खोटी धरली. कर एकतीसवर, वर दंड. सगळं मिळून आमची दुर्बीण काकांच्या दुर्बिणीपेक्षा महाग पडली. मावशीकडे तेवढे पैसे नव्हते. तिने दुर्बीण तिथेच सोडली. तिला दोन तास बसवून ठेवलं होतं आणि चोरासारखे प्रश्न विचारले होते. ती निघाली तेव्हा कस्टमचे साहेब म्हणाले, पंधरा दिवसांत विक्रेत्याकडून किमतीचं पत्र आणा, मग बघू.

म्हणजे अजून मार्ग होता! घरी गेल्या गेल्या मी बाबांसमोर कागद ठेवला. "कंपनीच्या देशात ही बारा हजारांना मिळते. बस, एक ओळ. खाली सही."

"साध्या कागदावर चालत नाही ते. दुकानाच्या कागदावर लागतं. आणि तो दादाच्या कपाटात असतो."

"मागा ना मग!"

"मागू आणि काय सांगू? एकदा का कस्टमच्या कागदावर बारा लागले, की उद्या प्रत्येक जण बॅगेतून आणेल. मग दादा मला कशाला ठेवेल?"

"बाबा, तुम्ही खोटं बोललात. साहेबाने पावती खरी आहे का एवढंच विचारलं होतं."

"वरचे अकरा कुठे जातात, विचारत होतीस ना?" बाबांचा आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागलं. "त्यातून माझा पगार निघतो. त्यातून तुझ्या शाळेची फी."

"मग नका भरू माझी फी!"

"फार शहाणी झालीस," आई आतून म्हणाली. "हात धुऊन ये, ताट वाढलंय."

मी ताटावर बसले. आणि सांगायला लाज वाटते, जेवलेसुद्धा. भूक लागली होती.

पंधरा दिवस मी रोज तो कागद बाबांच्या डब्याशेजारी ठेवायचे. ते डबा न्यायचे, कागद राहायचा. सोळाव्या दिवशी मीच फाडला.

मंडळाच्या बैठकीत सगळ्या जणी काकांच्या नावाने बोटं मोडत होत्या. "तुझा काका म्हणजे नुसता दरोडेखोर!" मी गप्प बसले असते तर तेवढ्यावर निभावलं असतं. सगळ्यांना काकाच हवा होता. पण वचन मी दिलं होतं, टाळ्याही मीच घेतल्या होत्या. उभी राहिले.

"फोन काकांनी उचलला नव्हता," मी म्हटलं. "माझ्या बाबांनी उचलला. मी समोरच होते. पावती खरी आहे हे त्यांना माहीत होतं, तरी ते खोटी म्हणाले."

मागच्या बाकावरची एक जण हसली आणि लगेच थांबली. खजिनदारीण पैशांच्या डब्याचं झाकण लावत होती, ते तिला नीट बसत नव्हतं.

"मावशी परवा परत चालली," ती म्हणाली. "तिला काय सांगू?"

"सांग, तुझी पावती खरी होती म्हणून."

"ते तिला माहितीये गं," ती म्हणाली.