मोठ्या मामंजींचं नाव

पडद्यावरची बाई पुन्हा मेली आणि बुरुलचाला रडूच फुटलं.

बाई खरी नव्हती, हे काय तिला कळत नव्हतं? किर्गिझस्तानातल्या नारिनच्या डोंगरातल्या त्या प्रसूतिगृहात राजधानीहून मीरिम नावाची शिक्षिका लॅपटॉप घेऊन आली होती आणि डॉक्टर-नर्सना चक्क खेळायला बसवलं होतं. पडद्यावर एक बाळंतीण, तिला रक्तस्राव सुरू. प्रत्येकानं आपापल्या खोलीत हेडफोन लावून बसायचं आणि एकमेकांना कामं सांगून तिला वाचवायचं. ज्याला काम सांगायचं त्याचं नाव घ्यायचं, त्यानं ते परत म्हणून दाखवायचं. नाव घेतलं नाही तर सांगणं कुणालाच पोचत नाही, आणि तिकडे रक्त वाहतच राहतं.

इथेच घोडं पेंड खात होतं. मुख्य डॉक्टर सादिरकुल हे नर्स बुरुलचाच्या नवऱ्याचे थोरले काका. आणि किर्गिझ सून सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव कधी तोंडातून काढत नाही. मग ते डॉक्टर असोत नाहीतर मेंढपाळ.

"अहो मोठे मामंजी, जरा पोट..." बुरुलचा म्हणायची. पडदा ढिम्म.

"ताई, या यंत्राला मामंजी कळत नाहीत," मीरिम म्हणाली.

"मग शिकवा की त्याला थोडी रीतभात!" भूल देणारे डॉक्टर ओरोझबेक शेजारच्या खोलीतून ओरडले.

शेवटी खुद्द म्हातारेबुवाच हेडफोनमध्ये कडाडले, "घे की गं माझं नाव! झिजणार आहे का मी?"

बुरुलचानं डोक्याचा रुमाल पुढे ओढला, डोळे मिटले आणि पुटपुटली, "सादिरकुल... पोट दाबा."

"पोट दाबतोय," उत्तर आलं. बाई जगली. बुरुलचाचे कान मात्र संध्याकाळपर्यंत तापलेले होते. घरी सासूला तिनं यातलं अवाक्षरही सांगितलं नाही.

हिवाळा आला. खिंड बर्फानं बंद झाली आणि ऐन त्याच आठवड्यात, भर दुपारी, वरच्या गावची शिक्षिका कानिशाय बाळंत झाली. मुलगी झाली, खणखणीत रडली, सगळे हसले. आणि मग रक्त थांबेना.

सादिरकुल खाली वाकून फाटलेल्या जागेला टाके घालत होते. रक्त तिथलंच असणार, असं त्यांना वाटत होतं. बुरुलचाचा हात कानिशायच्या पोटावर होता. बाळ बाहेर आल्यावर गर्भाशय आवळून घट्ट व्हायला हवं. हाताला लागत होती नुसती भिजलेली कणीक.

"डॉक्टर!" ती म्हणाली.

"रक्तदाब पडतोय, बघतोय मी," ओरोझबेक म्हणाले. हाक आपल्यालाच, असं त्यांना वाटलं. हाक ओरोझबेकनाच, असं सादिरकुलांनाही वाटलं. त्यांनी मान वर केली नाही.

"अहो, मोठे..." ती अडखळली. कानिशायचे ओठ पांढरे पडत होते. बुरुलचाला तो चेहरा ओळखीचा वाटला. हा चेहरा तिनं पडद्यावर मरताना पाहिला होता, पुन्हा पुन्हा, आणि दर वेळी तिची जीभ अशीच अडली होती.

"सादिरकुल!" ती एवढ्यानं ओरडली की बाहेर झाडणारी बाई थबकली. "टाके सोडा! गर्भाशय सैल पडलंय. आत हात घालून दाबा!"

म्हाताऱ्यानं खाडकन वर पाहिलं. "टाके सोडले. दाबतोय. ओरोझबेक, आकुंचनाचं इंजेक्शन!"

"इंजेक्शन देतोय!"

मग बुरुलचाच्या हाताखाली गर्भाशय हळूहळू आवळत गेलं, घट्ट झालं. रक्त थांबलं. ती चादरींच्या खोलीत गेली आणि मनसोक्त रडली. "तू मेलीस म्हणून ही जगली गं, बाई," ती पडद्यावरच्या त्या खोट्या बाळंतिणीला म्हणाली, आणि मीरिमलाही तिनं तोंडभरून दुवा दिला.

पण बातमी तिच्या आधी घरी पोचली होती. "भर दवाखान्यात थोरल्यांचं नाव घेऊन किंचाळलीस?" सासू म्हणाली. "आता त्यांच्या पुढ्यात कुठल्या तोंडानं जाशील?"

जावं तर लागलंच. कानिशायच्या घरच्यांनी मेंढा कापून सगळ्यांना जेवायला बोलावलं. रीतीप्रमाणे मेंढ्याचं डोकं सादिरकुलांपुढे आलं. त्याचा कान कापून थोरल्यानं धाकट्याला द्यायचा, म्हणजे तो वडीलधाऱ्यांचं नीट ऐकतो. सादिरकुलांनी कान कापला आणि बुरुलचाकडे पाहिलं. सासूनं तिला कोपरानं पुढे ढकललं. आता सगळ्यांदेखत शहाणपण शिकवणार! बुरुलचानं मान खाली घालून हात पुढे केला.

म्हाताऱ्यानं कान स्वतःच्याच तोंडात टाकला.

"हा मलाच हवा होता," ते सावकाश चावत म्हणाले. "सूनबाई, माझे डोळे टाक्यावर होते, तुझा हात पोटावर. तू नाव घेतलंस म्हणून ही पोर आज आईच्या दुधावर आहे. तुझे फार उपकार झाले. पुढच्या वेळी पहिल्याच हाकेला नाव घे."

पलीकडे कानिशाय लेकीला पाजत होती. सासूनं पहिला चहा बुरुलचापुढे ठेवला.

बुरुलचानं डोळे पुसले, रुमाल नीट केला.

"बरं, मोठे मामंजी," ती म्हणाली.