पाचवं भोक

त्या घरात बटणं बनत. वरच्या मजल्यावर कुटुंब राहायचं, खालच्या मजल्यावर यंत्रं, आणि दोन्हीच्या मधे जिन्यालगतच्या खोलीत एक लांबलचक टेबल होतं. त्या टेबलावर घराचा कारभार चालायचा. सासऱ्यांच्या वडिलांनी तिथे एक नियम घालून दिला होता. नवीन बटणाचा नमुना टेबलावर फिरवायचा, आणि प्रत्येकानं त्यात एक तरी खोट काढायची. खोट सापडली नाही असं म्हणण्याची सोय नव्हती. सापडली नाही म्हणजे तुम्ही नीट बघितलंच नाही, असा सरळ हिशोब. आणि ज्यानं नमुना बनवला, त्यानं तोंड उघडायचं नाही.

बटणाच्या बाबतीत हे ठीक होतं. बटण ते केवढं, त्यात खोट काढून काढून किती काढणार! पण धाकट्या सुनेचं दुर्दैव असं, की तिनं टेबलावर ठेवलं ते बटण नव्हतं, बटणाचं चित्र होतं.

झालं होतं असं, की कंपनीनं ऑनलाइन दुकान उघडायचं ठरवलं आणि दुकानाला लोगो हवा झाला. धाकटी लग्नाआधी एका जाहिरात कंपनीत हेच काम करायची. पण सासरी तिच्या कामाचं नाव ‘चित्रं काढते’ एवढंच होतं, आणि तेही ‘अजून गाते का हो?’ असं विचारावं त्या सुरात. सासऱ्यांनी तिला बोलावून स्पष्टच सांगितलं.

“हे बघ, लोगो जमला तर ऑनलाइनचा सगळा कारभार तुझा. वरची खिडकीची खोली घे, कंप्युटर घे. नाही जमला तर मग थोरलीला मदत कर. पॅकिंगला माणूस कमीच आहे.”

मदत म्हणजे काय, ते धाकटीला ठाऊक होतं. थोरली जाऊ लग्नाआधी रेडिओवर बातम्या वाचायची. घाईच्या दिवसांपुरती जरा हात लाव, असं म्हणून तिला पॅकिंगच्या टेबलावर बसवलं होतं. ती घाई अजून संपलेली नव्हती. आता तिचा तो सुरेख आवाज फक्त खोट काढताना ऐकू यायचा, तोही एका वाक्यापुरता.

धाकटीनं जीव ओतून लोगो केला. निळं गोल बटण, चार भोकं, त्यातून गेलेला एक पांढरा दोरा. बस्स. फोनच्या पडद्यावर नखाएवढा दिसला तरी ओळखू येईल असा. तिनं कागद टेबलावर ठेवला आणि नियमाप्रमाणे मूग गिळून बसली.

“बटण एकटंच कसं?” आत्याबाई म्हणाल्या. त्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण, आणि खोट काढण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. “सुई नको का सोबतीला?”

“स्थापनेचं साल घाला,” थोरले दीर म्हणाले. “लोकांना कळू दे आपण कालचे नाही ते.”

“रंग उदास वाटतो,” सासरे म्हणाले.

“अक्षरं जाड हवीत,” नवरा म्हणाला. तो बायकोकडे न बघता म्हणाला, कारण रात्री तिच्याच हातचं जेवायचं होतं.

“दोरा बारीक आहे,” थोरली म्हणाली.

धाकटीनं सगळं केलं. दुसऱ्या फेरीत सुई आली, तर सुईला कापड नाही म्हणून खोट निघाली. तिसऱ्या फेरीत कापड आलं, तर कापडाला कॉलर हवी झाली. मग उदास रंगावर उपाय म्हणून मागे उगवता सूर्य आला. चौथ्या फेरीनंतर तिनं ते चित्र फोनवर लहान करून पाहिलं, तर शाई सांडल्यासारखं दिसत होतं. तिनं कपाळाला हात लावला. असा कीस काढत बसले तर लोगो जन्मात होणार नव्हता, आणि पॅकिंगच्या टेबलाशी थोरलीच्या समोरची खुर्ची तर रिकामीच होती.

तेव्हा तिला शक्कल सुचली. खोटच हवी ना? मग ढळढळीत देऊ. तिनं पहिलंच साधं चित्र परत काढलं आणि चार भोकांच्या बरोबर मधे पाचवं भोक पाडलं. बटणावर पिढ्यान्‌पिढ्या जगलेली माणसं, बघताक्षणी ओरडतील. सगळे त्या भोकावर तुटून पडतील, आपण ते बुजवू, आणि बाकीचं चित्र सहीसलामत सुटेल.

कागद टेबलावर गेला. सासऱ्यांनी चष्मा पुसला.

“कड जाड झालीये,” ते म्हणाले.

“अक्षरांमधे अंतर फार आहे,” थोरले दीर म्हणाले.

“निळा जरा जास्तच निळा आहे,” आत्याबाई म्हणाल्या.

“डावीकडे झुकल्यासारखं वाटतंय,” नवरा म्हणाला.

धाकटीनं आशेनं थोरलीकडे पाहिलं. थोरली बराच वेळ चित्र न्याहाळत होती. मग म्हणाली, “दोरा जाड आहे.”

“छान! एवढ्या दुरुस्त्या कर आणि लाव,” सासरे म्हणाले. “सोमवारी दुकान उघडायचंय.”

“बाबा, त्यात एक...”

“बनवणाऱ्यानं बोलायचं नाही.”

भोक गुपचूप बुजवावं म्हटलं, तर तीही सोय नव्हती. दुरुस्तीनंतर सासरे जुना आणि नवा नमुना भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवून बघायचे. न सांगितलेला बदल म्हणजे त्यांच्या लेखी दगाबाजी. धाकटीनं कड बारीक केली, निळा कमी निळा केला, आणि पाच भोकांचं बटण जगापुढे गेलं.

जग काही आंधळं नव्हतं. पहिल्याच दिवशी लोकांनी दुकानाच्या पानावर लोगोखाली लिहायला सुरुवात केली. बटणवाल्यांना भोकं मोजता येत नाहीत का? पाचवं भोक कशासाठी, वारा जायला? नवऱ्यानं चेहरा पाडून ते सगळं टेबलावर वाचून दाखवलं. धाकटीला वाटलं, जमीन दुभंगावी. तेवढ्यात थोरल्या दिरांचा फोन वाजला. लांबच्या एका गावातली लहान मुलांचे कोट शिवणारी बाई विचारत होती, तुमच्या लोगोत आहे तसंच बटण पाठवाल का? पोतंभर हवंय.

दिरांनी फोन ठेवून मागणी सगळ्यांना सांगितली. सासरे धाकटीकडे वळले.

“पाचवं भोक मुद्दाम पाडलंस?”

“हो,” धाकटी म्हणाली. आणि ते अगदी खरं होतं.

“मला वाटलंच!” सासऱ्यांनी टेबलावर थाप मारली. “अहो, एवढे जण बसलो होतो, एकालाही ती खोट दिसली नाही. का दिसली नाही? कारण ती खोट नव्हतीच!”

घराण्याच्या नियमाला कसा धक्का लागणार! आठवड्याभरात खालच्या यंत्राला पाच भोकांचा साचा बसला. पाचव्या भोकातून दोरा ओवायचा कसा, हे कुणालाच माहीत नव्हतं, पण मागणी वाढत गेली. धाकटीला खिडकीची खोली मिळाली. नवरा भेटेल त्याला सांगू लागला, की हिची नजरच वेगळी. आत्याबाईंनी तर तिला हरभऱ्याच्या झाडावरच चढवलं. खरं सांगून टाकावं असं तिला रोज वाटायचं, आणि रोज खिडकीतून ऊन आत आलं की राहून जायचं. तिला स्वतःची लाज वाटत होती, पण खोली सोडवत नव्हती.

एकदा ती पिशव्यांचे फोटो काढायला खाली गेली. पॅकिंगच्या टेबलावर पाच भोकांच्या बटणांचा ढीग पडला होता आणि थोरली एकटी तो पिशव्यांत भरत होती. तिच्यापुढे धाकटीला गप्प राहवेना.

“वहिनी, तुम्हाला म्हणून सांगते. ते भोक चूक म्हणूनच पाडलं होतं मी. तुम्ही लोक ओळखाल म्हणून.”

“माहीत आहे,” थोरली म्हणाली. “कागद समोर आला तेव्हाच दिसलं मला.”

“मग बोलला का नाहीत?”

थोरलीनं पिशवीचं तोंड बंद केलं.

“म्हटलं, एकदा तरी वरच्या त्या टेबलावरून सपशेल चुकलेला माल बाहेर जाऊ दे. हसू दे लोकांना. या सगळ्यांचं तोंड कसं होतं, ते मला एकदा बघायचं होतं गं.” ती बातम्या वाचायच्या त्या स्वच्छ आवाजात बोलत होती. “तर यांनी तोही विकून दाखवला. आणि भरतंय कोण? मीच.”

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. “मी बसते तुमच्याबरोबर,” ती म्हणाली आणि तिनं समोरची खुर्ची ओढली.

“अजिबात बसू नकोस,” थोरली म्हणाली. “वर जा. तू एक चूक केलीस आणि सुटलीस. मी मेली इतकी वर्षं सगळं बरोबर करत बसले.”