मालनच्या चष्म्याबाबत लेखी खुलासा

उत्तमरावांच्या त्या पत्राला मी बरेच दिवस उत्तर दिलं नव्हतं. पत्र स्पीड पोस्टाने आलं होतं, आणि उत्तमराव आमच्यापासून तीन खोल्या सोडून राहतात. पोस्टमन आधी त्यांच्या दारावरून गेला, मग आमच्याकडे आला, माझी सही घेतली. परत जाताना उत्तमरावांनी त्याला पाणी विचारलं. मी पाकीट हातात धरून उंबऱ्यातच उभा होतो. आमची नजरानजर झाली आणि दोघांनीही ती लगेच काढून घेतली.

उत्तमराव आमच्या परळच्या चाळीच्या कमिटीचे सेक्रेटरी. शिवडीच्या गोदीत कारकुनी करून निवृत्त झालेले, त्यामुळे कागद कसा लिहावा ते त्यांना ठाऊक. 'आपल्या पत्नी चाळीच्या सामायिक जागेत कॅमेरा असलेला चष्मा वापरतात,' पत्रात होतं. 'या चष्म्याने टिपलेली छायाचित्रे कोठे जातात, कोण पाहते, किती काळ ठेवली जातात, आणि ज्यांची टिपली गेली त्यांची संमती घेतली होती काय, याचा लेखी खुलासा करावा.'

मी गिरगावात एका छापखान्यात प्रुफं तपासण्यात आयुष्य घालवलं. दुसऱ्याच्या मजकुरात खोट काढणं एवढंच मला येतं. हे पत्र मी उलटसुलट वाचलं. खोट सापडली नाही.

चष्मा आमच्या दर्शनाने पाठवला होता. ती पुण्याला नोकरीला आहे. मालनच्या डोळ्यांबद्दल डॉक्टरांनी सांगितलं होतं की कडेकडेचं दिसत राहील, मधलं हळूहळू जाईल. म्हणजे ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच दिसत नाही. ती गॅलरीतल्या खांबाला 'जेवलात का' विचारायची आणि माणसाजवळून न बोलता निघून जायची. मुलगी मोठ्या पगारावर गेली तशी मालनकाकूंची मान ताठ झाली, असं चाळीत बोललं जाऊ लागलं. हे तिला कळलं तेव्हा ती गॅलरीतच येईनाशी झाली.

चष्म्याच्या काडीत बारीक कॅमेरा होता आणि समोर काय आहे ते तो कानाशी मराठीत सांगायचा. मराठी रेडिओवरच्या जुन्या बातम्यांसारखं. आवाज कमी कसा करायचा ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. पहिल्याच सकाळी मालन तो घालून एकटी जिना उतरली. मी चार पायऱ्या वर राहून मागे मागे. फाटकाशी गुणवंती मासे घेऊन बसते. साठी तिने केव्हाच ओलांडली आहे.

"समोर एक मध्यमवयीन स्त्री बसली आहे," चष्मा म्हणाला. "ती हसत आहे. तिच्यापुढे मासे आहेत."

"कोन बोलला गो?" गुणवंतीने विचारलं.

"चष्मा बोलला."

"मध्यमवयीन म्हंजे किती?"

"चाळीस-पंचेचाळीस," मी जिन्यावरून सांगितलं.

गुणवंतीने पदर सारखा केला. "शिकलेला दिसतोय तुजा चष्मा," ती म्हणाली आणि मालनच्या पिशवीत दोन बांगडे जास्त टाकले.

तेवढ्यात उत्तमराव पिशवी घेऊन आले. मालनने मान वळवली.

"डाव्या बाजूला एक अतिवृद्ध पुरुष उभा आहे," चष्मा म्हणाला. "त्याच्या हातात रिकामी पिशवी आहे. तो हसत नाही."

उत्तमराव माझ्याहून दहा-अकरा वर्षांनी लहान आहेत. केस काळे करतात, सकाळी गच्चीवर व्यायाम करतात. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, म्हणजे दुसरं कोणी उभं असेल तर दिसावं. कोणी नव्हतं.

"या आजोबा," गुणवंती म्हणाली, "तुमाला मऊ काय तरी देते. काटे नको, दातात अडकतात."

त्या दिवसापासून ती त्यांना आजोबाच म्हणू लागली. आणि त्या दिवसापासून आमच्या दाराशी गर्दी होऊ लागली. बायका साडी बदलून यायच्या. "काकू, सहज आले होते, जरा बघा ना माझ्याकडे," असं म्हणून उजेडाच्या बाजूला तोंड करून उभ्या राहायच्या. पुरुष सहज येत नसत, ते गॅलरीतून दोन-दोनदा जात. आठवड्याभरात चाळीत दोन पक्ष पडले. यंत्राने ज्यांना तरुण म्हटलं ते विज्ञानाच्या बाजूने होते. ज्यांना म्हातारं म्हटलं ते खाजगीपणाच्या बाजूने.

माझ्याकडे पाहून चष्मा म्हणाला होता, "समोर पुस्तकांचं कपाट आहे. कपाटाशेजारी खुर्ची आहे." मी खुर्चीत बसलेलो होतो. त्यामुळे मला कुठल्याच पक्षात जाता आलं नाही.

संध्याकाळी गॅलरीत वाद चाले आणि मी दाराआडून ऐके.

"असली यंत्रं आपला चेहरा विकतात," खालच्या मजल्यावरचा विकास म्हणाला. त्याला चष्म्याने 'पन्नाशीचा गृहस्थ' म्हटलं होतं. तो चाळिशीचा होता.

"तुझा कोण घेणार रे?" त्याची बायको म्हणाली. "मी घेतला तो पण काळोखात दाखवला होता म्हणून."

"मस्करी नको. मोबाईल पण ऐकतो सगळं. मी परवा फोनवर नुसतं सासूबाईंचं नाव काढलं, लगेच गुडघ्याच्या तेलाची जाहिरात."

"गल्लीच्या तोंडाशी कॅमेरा लावलाय, तो काय डोळे मिटून बसतो? तेव्हा कोण काय बोललं नाही."

"तो सरकारी आहे. तो आपल्याला म्हातारा नाही म्हणत."

इतकं खाजगीपणाचं बोलणं आमच्या गॅलरीने कधी ऐकलं नसेल. याच चाळीत उत्तमरावांचा मुतखडा पडला तेव्हा तो केवढा होता हे तिन्ही मजल्यांना माहीत होतं, आणि दुसऱ्या मजल्यावर त्याचा आकार थोडा वाढवूनच सांगितला जात होता.

माझी अडचण वेगळी होती. उत्तमराव कशाने दुखावले ते सगळ्या चाळीला कळलं होतं, आणि पत्रात त्यांनी विचारलं होतं ते सगळं बरोबर होतं. ती छायाचित्रं कुठे जातात? मला माहीत नव्हतं. गुणवंतीला कोणी विचारलं होतं? कोणी नाही. चुकीच्या कारणाने योग्य प्रश्न विचारणाऱ्या माणसाला काय लिहायचं असतं? मी कोऱ्या कागदावर 'स.न.वि.वि.' लिहायचो आणि थांबायचो.

मालनने मात्र मी पत्र वाचून दाखवताच चष्मा डबीत घातला.

"लेखी विचारलंय ना? लेखी सांगा," ती म्हणाली. "तोवर मी घालत नाही. उत्तर न देता मिरवलं तर चोरून वापरल्यासारखं दिसतं."

"देतो उद्या."

"उद्या म्हणजे तुमचा की लोकांचा?"

मग तिचा चष्मा मी झालो. हे काम माझ्यासारख्याकडे यायला नको होतं. पानावर उलटा पडलेला स्वल्पविराम मला लांबून दिसतो, पण माणसाच्या तोंडाकडे बघायचं म्हणजे मला घाम फुटतो.

"कोण गेलं हो?"

"कोणीतरी."

"बाई की पुरुष?"

"चपला बायकांच्या होत्या."

"तो चष्मा निदान साडीचा रंग सांगायचा," मालन म्हणायची. रागाने नाही, पण म्हणायची.

अशात खालच्या मजल्यावर सत्यनारायण होता. मी मालनला हात धरून नेलं, बायकांच्या बाजूला सतरंजीवर बसवलं.

"बाजूला कोण आहे?" तिने हळूच विचारलं.

मी काठ पाहिला, हिरवा होता. वर बघायचं धाडस झालं नाही. "विकासची बहीण असावी," मी म्हणालो आणि पुरुषांत जाऊन बसलो.

कथा चालू असताना मालनने मन मोकळं केलं. तिचा हळू आवाज तिला वाटतो तितका हळू नसतो. मला पुरुषांच्या रांगेत ऐकू येत होता.

"यंत्राने आजोबा म्हटलं म्हणून गे बाय, माझे डोळे काढून घेतले त्यांनी. केस काळे केले म्हणून मान थोडीच तरुण होते? आणि पत्र पाठवायला पोस्टात गेले. तीन खोल्या चालवत नाही म्हणजे यंत्राने काय चुकीचं सांगितलं?"

आजूबाजूच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. बाजूच्या बाईने सगळं ऐकून घेतलं, प्रसादाचा द्रोण मालनच्या हातात नीट दिला आणि म्हणाली, "मी सुंदराबाई. उत्तमरावांची बायको. केस मीच काळे करते त्यांचे."

मालनला घेऊन मी घरी आलो. मी तिला पाणी दिलं. चूक माझी आहे, असं दोन वेळा म्हणालो. ते तिला ऐकू गेलं नसावं.

"ती चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं," ती शेवटी म्हणाली. "पण बाकीच्या? ती कोण आहे ते सगळ्यांना दिसत होतं. मी काय बोलतेय तेही ऐकत होत्या. एकीने तरी मला हात लावायचा. मजा बघत बसल्या. चष्म्याने बघायचं तर सगळ्यांची परवानगी पाहिजे. मला बघताना कोणी माझी मागितली?"

मी तिच्या हातातला रिकामा पेला घेतला.

"मला कोण किती वर्षांचं आहे ते नकोच आहे हो," ती म्हणाली. "समोर माणूस आहे की खांब, आणि माणूस असला तर कोण, एवढंच पाहिजे."

त्यानंतर ती खोलीबाहेर पडेना. गुणवंतीने खालून हाका मारल्या, मग एकाकडून बोंबील वर पाठवले. मंगळवारचं भजन चुकलं. भजनात पहिला आवाज मालनचा असतो. ती आत बसून ऐकत होती, आणि बाहेर त्या सगळ्या जरा वरच्या पट्टीत सुरू होऊन मध्येच अडकत होत्या. तिने एकदा तोंड उघडलं, आवाज काढला नाही, आणि पुन्हा मिटलं. मी हातातलं पुस्तक खाली ठेवलं आणि दर्शनाला फोन लावला.

"वय सांगायचं बंद करता येतं का त्याला?"

"येतं की बाबा. कसा दिसतो, केस कसे, ते पण बंद करता येतं. मी इथून करते."

"आणि ते फोटो कुठे जातात?"

"साठवायचं बंद करून टाकते मी."

"म्हणजे जात नाहीत?"

"मी बंद केलंय, एवढं सांगू शकते. पुढे कंपनी काय करते ते मला नक्की नाही माहीत. कोणालाच नक्की नसतं, बाबा."

तिने मला खोटा धीर दिला असता तर पत्र लिहिणं सोपं गेलं असतं. पण त्याच रात्री, जेवणं आटोपल्यावर, मी ते लिहिलं. पहिल्या मसुद्यात 'वयाच्या बाबतीत यंत्रे नेहमीच चुकतात' असं एक वाक्य होतं. ते वाचून उत्तमरावांना बरं वाटलं असतं आणि मग आपल्याला बरं वाटावं म्हणून लिहिलंय हे कळून वाईट वाटलं असतं. मी ते खोडलं. उरलं ते असं:

'आपला प्रश्न योग्य आहे. छायाचित्रे कोठे जातात हे मला माहीत नाही. मी चौकशी केली. मुलीने साठवण्याची सोय बंद केली आहे, तरी खात्री तिलाही देता येत नाही, म्हणून मीही देत नाही. संमती घेतली नव्हती, ही आमची चूक झाली. यापुढे चष्मा कोणाचेही वय किंवा रूप सांगणार नाही. सौ. मालन कोठेही जाताना आधी हाक देईल की चष्मा घातला आहे. ज्यांना नको असेल त्यांनी तसे म्हणावे, ती तोंड फिरवील. सध्या कोणापासून तोंड फिरवायचे तेच तिला कळत नाही. मधल्या काळात हे काम मी करून पाहिले. मी त्या यंत्राहून वाईट निघालो, याचा अनुभव आपल्या सौभाग्यवतींना आला आहे. तरी ती चष्मा घालणार आहे. ही परवानगीची विनंती नाही, खुलासा आहे.'

शेवटचं वाक्य मी तीनदा खोडलं. मालनने प्रत्येक वेळी ते परत लिहायला लावलं.

सकाळी आम्ही दोघं नाक्यावरच्या पोस्टाच्या पेटीपाशी गेलो. मालनच्या हातात चष्म्याची डबी होती. मी पाकिटावरचा पत्ता पुन्हा तपासत होतो. तेवढ्यात उत्तमराव दुधाच्या पिशव्या घेऊन समोरून आले.

"काय लवूभाऊ, पत्र?" त्यांनी मान वाकडी करून नाव वाचलं. "माझंच की. द्या इकडे."

"तिकीट लावलंय."

"असू दे तिकीट. मी घरीच चाललोय."

मी स्वतःला ओळखतो. त्यांनी तिथेच पाकीट फोडलं असतं, आणि ते दुसऱ्या ओळीवर पोचायच्या आत मी म्हणालो असतो, जाऊ द्या हो उत्तमराव, नाही घालत ती.

"पोस्टाने आलेलं बरं," मी म्हणालो. "कमिटीच्या फायलीला शिक्का लागेल."

ते विचारात पडले. शिक्क्याचा मुद्दा त्यांना पटला असावा. "तेही खरं," ते म्हणाले.

"भाऊजी आहेत का?" मालनने पेटीकडे बघत विचारलं. "परवा सुंदराबाईंना मी नको ते बोलले."

"मी इकडे आहे वहिनी." उत्तमराव एक पाऊल सरकले. "तिने सांगितलं मला. हसत होती दोन दिवस." ते स्वतः हसले नाहीत. मग माझ्याकडे वळले. "नीट टाका. या पेटीचं झाकण अडकतं, पत्र वरच राहतं."

त्यांनी दुधाच्या पिशव्या एका हातात घेतल्या, दुसऱ्या हाताने झाकण वर धरलं, आणि मी पाकीट आत सोडलं.

"पडलं का?" मालनने विचारलं.

"पडलं," आम्ही दोघंही म्हणालो.