खरखरीत बाजू बाहेर

साहेब, तुम्ही खोटे लिहिलेत. कारखान्याच्या फळ्यावर तुमच्या सहीचा कागद लागला आहे. ‘काच सदोष निघाल्याने बदलण्यात येत आहे.’ माझ्यात दोष नव्हता. मला उलटी बसवायला तुम्ही सांगितलेत, आणि ते चूक आहे हे तुम्हाला तोंडावर सांगितले गेले होते. मी तिथेच होते.

मित्रांनो, मी एक जुनी दुधी काच आहे. डॅन्यूबच्या काठावरच्या एका बल्गेरियन गावात, शर्ट शिवणाऱ्या कारखान्यात, मी सहा वर्षे उभी होते. भट्टीतून निघाले तेव्हा मी इतर काचांसारखीच आरपार होते. मग माझ्या एका अंगावर वाळूचा मारा केला. ते अंग खरखरीत झाले आणि मी दुधी झाले. उजेड माझ्यातून जातो, नजर जात नाही. पण एक लक्षात ठेवा. त्या खरखरीत अंगावर पाणी किंवा गोंद बसला की त्यातले बारीक खड्डे भरतात आणि तेवढ्यापुरती मी पुन्हा आरपार होते. सगळी भानगड इथेच आहे.

कारखान्यात कामगारांच्या प्रतिनिधी इस्क्राबाई यांची एक खोली होती. बायकांनी तक्रार सांगायची ती तिथे, दार लावून. खोलीला साधी काच होती, म्हणून कोणी येत नसे. आडोसा कसला करायचा यावर बैठक झाली. इस्क्राबाईंनी जाड पडदा मागितला.

“पडद्यामागे काय चाललंय ते मला कसं कळणार?” साहेब म्हणाले.

“कळू नये म्हणूनच पडदा, साहेब.”

मग साहेबांनी एक विजेवरची काच सुचवली. बटण दाबले की ती पांढरी होते, पुन्हा दाबले की आरपार.

“बटण कुठे असेल?” इस्क्राबाईंनी विचारले.

“माझ्या टेबलावर.”

यावर त्या नुसत्या हसल्या, आणि शेवटी माझी निवड झाली. मला बसवायला स्तोइचो मिस्त्री आला. तो म्हणाला, “खरखरीत बाजू आत घेतो. बाहेर येणारे-जाणारे हात लावतात, काहीबाही चिकटवतात.”

“नको. आतली बाजू गुळगुळीत पाहिजे, पुसायला सोपी,” साहेब म्हणाले.

“साहेब, बाहेरून ओलं बोट फिरवलं तरी आतलं दिसेल हो.”

“तू काच बसव. अक्कल तुझ्या घरी चालव.”

खरखरीत बाजू बाहेर गेली. हे अज्ञान होते की आणखी काही, याचा मी तेव्हापासून विचार करते आहे.

पहिली पाच वर्षे बरी गेली. बायका यायच्या, बोलायच्या, डोळे पुसून कामाला जायच्या. मला कोणी शाबासकी दिली नाही, पण माझ्या आड बसून माणसे मोकळी होतात याचा मला अभिमान होता.

मग मेतोदीकाका वारले. एकतीस वर्षे मशिनी दुरुस्त करणारा माणूस. आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या फोटोचा कागद दारांवर, खांबांवर, कामाच्या ठिकाणी लावतात. चाळीस दिवसांनी नवा कागद, सहा महिन्यांनी आणखी एक. भिंतीला ओल होती, चुना सुटत होता, म्हणून कागद माझ्यावर लागला. लावला मुकादम रांगेलने, रुंद पारदर्शक चिकटपट्टीने, चारही बाजूंनी. पट्टीवर अंगठा घासता घासता तो थांबला. वाकला. पट्टीतून त्याला आतली खुर्ची दिसली होती.

त्या दिवशी ती चुकून दिसली म्हणू. पण चाळीसाव्याला काकांच्या बायकोने सगळ्यांना उकडलेले गहू वाटले, तेव्हा नवा कागद रांगेलनेच लावला, आणि आधीपेक्षा खाली लावला. सहा महिन्यांचा लागला तेव्हा खालची पट्टी बरोबर त्याच्या वाकलेल्या डोळ्यासमोर आली. मग तो रोज टोपी काढून माझ्यासमोर उभा राहू लागला. लोक म्हणत, बघा, मुकादमाला काकांची किती आठवण!

याच रांगेलने मागच्या दाराला बाहेरून कुलूप लावले होते. बायका सिगारेट ओढायला जातात म्हणून. दोनशे बायका आत, कापडाचे ढीग, इस्त्रीची वाफ, जुन्या वायरी, आणि सुटकेचे एकच दार बंद. तिघी जणी एकेक करून इस्क्राबाईंकडे आल्या, नुसते तोंडी सांगून गेल्या. आठवड्याच्या आत तिघींची बदली वाफेच्या इस्त्रीवर झाली, जिथे सगळ्यांत जास्त भाजते.

संशय कोणावर आला? इस्क्राबाईंवर. वाढदिवसाला चॉकलेटचा डबा घेऊन प्रत्येकीसमोर जायची आमची रीत आहे. इस्क्राबाई सगळ्या मशिनींपुढून फिरल्या. डबा भरलेला परत आला. त्यांनी तो कपाटावर ठेवला. मी सगळे जाणून होते. पण काचेला तोंड नसते.

शुक्रवारी कामगार निरीक्षक येणार होता. त्याला नावानिशी लेखी तक्रार हवी होती. ती नसती तर तो चहा पिऊन परत गेला असता. बुधवारी गिंका आली. कॉलर शिवणारी, तोंडाने फटकळ. बसायच्या आधीच तिने विचारले, “इस्क्राताई, खरं सांग. तूच सांगतेस ना त्याला?”

“सांगितलं असतं तर मला धड खुर्ची तरी मिळाली असती. बघ, पाय मोडलाय हिचा.”

गिंकाने कागद पुढे ओढला, पेन उचलले. आणि थांबली. “ताई, मेतोदीकाका जाऊन किती दिवस झाले?”

“सहा महिन्यांच्या वर. का गं?”

“मग त्यांच्या कागदाखाली हा डोळा कुणाचा?”

ती उठली आणि तिने धाडकन दार उघडले. रांगेल टोपी हातात घेऊन कमरेत वाकलेला.

“काकांची आठवण काढत होतो,” तो म्हणाला.

“वाकून? काकांचं तोंड वर आहे, रांगेलदादा. तुम्ही काय चिकटपट्टीला नमस्कार करताय?”

जवळच्या मशिनी थांबल्या. कोणीतरी फिस्सकन हसले.

“मेलेल्या माणसाचा तरी मान ठेव!”

“जिवंत होते तेव्हा तुम्ही त्यांच्या डब्यातली बानित्सा चोरून खायचात. आता आठवड्यातनं सहा वेळा सुतक?”

इस्क्राबाई बाहेर आल्या. त्यांनी आपल्या कॉफीत बोट बुडवले आणि माझ्या बाहेरच्या अंगावर फिरवले. तिथे आरपार डाग उमटला. “या, बघा,” त्या म्हणाल्या. बायका एकेक करून आल्या, डोळा लावला, आणि मागे सरल्या. म्हातारी पाराश्केवा पुढे झाली. आत गेली, कपाटावरचा डबा उघडला आणि एक चॉकलेट तोंडात टाकले. इस्क्राबाईंनी तोंड फिरवले.

गिंकाने कुलपाची तक्रार लिहिली आणि कागद माझ्याच अंगावर दाबून सही केली. खरखरीत अंगावर पेन अडखळत होते, पण नाव पूर्ण उमटले. खाली इस्त्रीवरच्या तिघींनी सह्या केल्या.

शुक्रवारी निरीक्षक आला. त्या सकाळी कुलूप नव्हते. दार उघडेच होते, पुढे फुलांची कुंडीसुद्धा होती. त्याने कागद घेतला, मान हलवली आणि गेला. सोमवारी मला काढले. रांगेल अजून मुकादम आहे. दोष काचेचा ठरला.

मित्रांनो, आता मी मागच्या अंगणात भिंतीला टेकून उभी आहे. माझ्यावर धूळ आहे, एक कोपरा फुटला आहे. त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही. तुम्ही मोठे व्हाल, कोणाच्या तरी खोलीला आडोसा निवडाल. तेव्हा रंग आणि नक्षी मागून बघा. आधी विचारा की बटण कोणाच्या टेबलावर आहे आणि खरखरीत बाजू कोणाकडे आहे. आत बसून बोलणाऱ्या माणसाला विचारा, त्याला काय हवे आहे.

आणि साहेब, मला टाकताना तुम्ही एक चूक केलीत. मला ठेवले ते बरोबर मागच्या दारासमोर. कुलूप मंगळवारी सकाळी परत लागले. शुक्रवारी निरीक्षकापुरते ते कोणी काढले होते? आता आत गिंका आहे, पाराश्केवा आहे, दोनशे बायका आहेत, इस्त्रीची वाफ खिडकीतून येते आहे. किल्ली कोणाच्या खिशात आहे, साहेब? पाळी संपायच्या आत उत्तर द्या.