लेकीच्या वाट्याचा बंब

मित्रांनो, मी बंब. आंघोळीचं पाणी तापवणारा, तांब्याचा, वयानं बराच. तुमच्या घरी खटका दाबला की नळाला गरम पाणी येतं, म्हणून तुम्ही मला पाहिलंही नसेल. माझ्या पोटातून वरपासून खालपर्यंत एक नळी जाते. तिच्यात जाळ घालायचा. भोवतीचं पाणी तापतं आणि तोटीतून घंगाळात उतरतं. राख खाली पडते. एवढंच माझं शिक्षण.

जालन्याच्या एका तांबटानं मला घडवलं. त्याच्या हातोडीचे ठोके माझ्या पाठीवर अजून ओळीनं दिसतात. मला विकत घेतलं हसनाबादच्या काकासाहेबांनी. एसटीच्या टपावर बसून मी गावात आलो. दोरी सैल बांधली होती, वाटेत एका खड्ड्यात मी आपटलो आणि कुशीला पोचा आला. सगुणाबाईंनी, म्हणजे काकासाहेबांच्या बायकोनं, आधी तो पोचाच पाहिला.

"नवा म्हणून आणला का जुना?"

"अगं, महाराजांच्या आंघोळीसाठी आणलाय. महाराज काय पोचा पाहणार हाये का?"

काकासाहेबांना कीर्तनाचं वेड. माघात गावात सप्ताह बसला की काल्याच्या कीर्तनाला येणाऱ्या महाराजांची आंघोळ आपल्याच न्हाणीत व्हावी, ही त्यांची हौस. गावालाही त्यांनी तसा शब्द दिला होता. म्हणून अंगणाच्या कोपऱ्यात त्यांनी न्हाणी बांधली: तीन बाजूंना भिंत, वर पत्रा, पुढं गोणपाटाचा पडदा. मला तिथं दगडावर बसवलं. पडद्याच्या फटीतून मला घराचा ओटा दिसतो, आणि रस्त्यापलीकडं मारुतीच्या देवळाचा नळ.

ते माझे कौतुकाचे दिवस होते. सप्ताहाआधी सगुणाबाई मला चिंच लावून घासत. मी असा लखलखायचो की गल्लीतल्या बाया माझ्यात बघून कुंकू नीट करायच्या. सकाळी महाराज येत. काकासाहेब त्यांची वीणा खुंटीला टांगत आणि घंगाळात पाणी सोडत. महाराजांच्या कपाळावरचा बुक्का माझ्या पाण्यानं धुऊन मोरीत जायचा, आणि काकासाहेब त्या मोरीलासुद्धा हात जोडायचे. मग भोंग्यातून कीर्तन माझ्यापर्यंत यायचं. टाळ वाजायला लागले की माझ्या झाकणाला बारीक कंप सुटायचा. लोक म्हणतील, वाफेनं सुटतो. मी वाद घालत नाही.

त्या घरात तीन लेकरं वाढली. थोरला कल्याण, मधली वंदना, धाकटा बबलू. पहिलं पाणी कोणाचं, यावरून त्यांची रोज भांडणं.

"मी मोठा हाये!"

"मी लहान हाये!"

वंदना काही म्हणायची नाही. ती माझ्या नळीत फुंकर घालत बसायची. डोळे लाल व्हायचे. दोघं भाऊ नाहून निघून जायचे आणि तिच्या वाट्याला शेवटचं कोमट पाणी उरायचं. एकदा काकासाहेबांनी ते पाहिलं आणि अंगणात उभं राहून सांगितलं, "आजपासून जो जाळ घालील, त्याची आंघोळ आधी." चार दिवस ते चाललं. पुढं कल्याणची शाळा लांबची झाली, त्याला जल्दी असायची, आणि तो नियम आपोआप बुडाला.

लेकरं मोठी झाली. कल्याण नवीन जालन्यात बियाण्याच्या कंपनीच्या ऑफिसात लागला आणि तिकडंच राहिला. बबलूनं शेती धरली. वंदना धावड्याला दिली. सगुणाबाई गेल्या. काही वर्षांनी वंदनाचा नवराही गेला. मूलबाळ नव्हतं. सासरचे म्हणाले, आता इथं तुझं काय काम? त्याच सुमारास काकासाहेबांना अर्धांगाचा झटका आला, आणि वंदना माहेरी आली. बापाला रोज सकाळी ती खुर्चीत बसवून न्हाणीत आणायची, हातानं पाणी पाहायची, मगच अंगावर घालायची. मान हलत नव्हती तरी काकासाहेब डोळ्यांनी माझ्याकडं बघायचे.

मग एका सकाळी चार माणसं आली आणि म्हणाली, पाणी कोमट ठेवा. मी कोमट ठेवलं. काकासाहेबांची ती शेवटची आंघोळ.

मला वाईट वाटलं का, असं विचाराल. मित्रांनो, तांबं तापतं आणि निवतं. त्यापुढचं मला येत नाही.

वर्षश्राद्ध झालं आणि त्याच दुपारी ओट्यावर बैठक बसली. काकासाहेबांचे जुने मित्र साहेबराव मध्ये बसले. सप्ताहाची सगळी व्यवस्था गावात तेच बघतात. घर चार खोल्यांचं. दोन कल्याणला, दोन बबलूला, हे बसल्या बसल्या ठरलं. काकासाहेबांची खोली कल्याणच्या बाजूला गेली.

मग कल्याण म्हणाला, "वंदे, तुझी हक्कसोडाची सही लागंल."

"करते की भाऊ. पण आधी मी राहायचं कुठं, ते सांगा."

 

"बबलूकडं राह," कल्याण म्हणाला. लगेच त्यानं भावाकडं पाहिलं. "पर बबल्या, उद्या तिचा हिस्सा तू आपल्या नावावर लावून घेतला तर? मला काय येडा समजलास?"

"मंग तुमच्या खोल्या रिकाम्याच पडल्यात, तिथं राहू द्या!"

"अन् उद्या तिला पढवून तू माझ्या खोल्यांत घुसला तर?"

हे असं बराच वेळ चाललं. मी फटीतून ऐकत होतो. वंदना त्या दोघांच्या मध्ये खांबाला टेकून बसली होती, आणि दोघांपैकी कोणीही तिच्याकडं बघून बोलत नव्हतं. जो तिला ठेवून घेईल, तिची सही त्याची, अशी दोघांनाही एकमेकांची भीती. म्हणून दोघांच्याही घरात तिला जागा नाही. मेलेल्या माणसासाठी जागा शोधावी तसं ते बोलत होते. ती तर जिवंत होती, अडकित्त्यानं सुपारी कातरत होती.

खोल्यांचा प्रश्न तसाच ठेवून भांडी वाटायला घेतली. शेवटी मी उरलो.

कल्याणची बायको प्रियदर्शनी म्हणाली, "बंब आम्हाला द्या. हॉलमध्ये ठेवू. त्यात प्लास्टिकची फुलं किती छान दिसतात, मी पाह्यलंय."

बबलूची बायको शिवकन्या म्हणाली, "फुलं? आवो वहिनी, मोडीत घातला तर दोन पत्रे येतील गोठ्याला."

माझं एकीकडं फुलदाणी होणं ठरत होतं आणि दुसरीकडं पत्रा. मला काही वाटलं नाही. राख थंड होती.

साहेबरावांनी हात वर केला. "बंब कोणाचाच न्हाई. बंब लेकीचा. बापाचं अंग धुतलं तिनं. अन् एक सांगतो, तो इथून हालायचा न्हाई. काकासाहेबानं गावाला शब्द देल्ता. महाराजांचं पाणी ह्याच न्हाणीत तापंल. बराबर हाये का?"

"बराबर, बराबर," दोघं भाऊ म्हणाले. दोघांनाही हायसं वाटलं. लेकीला काहीतरी दिलंही, आणि कोणाची खोलीही गेली नाही.

दिवेलागणीला वंदनानं आपली पेटी आणली. गोधडी आणली. काकासाहेबांचा बुक्क्याचा डबा आणला. न्हाणीतली फरशी पुसून कोरडी केली आणि माझ्या शेजारी गोधडी अंथरली.

शिवकन्या पडद्याशी आली. "ताई, काय करून राह्यल्या तुम्ही हे?"

"बंब माझा. तो हालायचा न्हाई, म्हणजे त्याची जागा त्याची. त्याच्याजवळ राहते."

"अवो पर ही न्हाणी हाये!"

"मला दिसतंय, बाई."

शिवकन्या बबलूला बोलावून आणते म्हणाली. बबलू अंगणाच्या मध्यापर्यंत आला, तिथं उभा राहिला, आणि परत गेला. कल्याणनं आपल्या दोन खोल्यांना कुलूप लावलं, किल्ली मोटारसायकलच्या किल्लीच्याच कडीत अडकवली आणि तो जालन्याला निघून गेला.

अशी वंदना माझ्याजवळ राहायला आली. दिवसा ती लोकांच्या शेतात मजुरीला जायची, चूल अंगणात मांडायची. सकाळी बबलूची लेकरं आंघोळीला आली की आपली गोधडी गुंडाळून पेटीवर ठेवायची, त्यांना नाहू घालायची, आणि फरशी वाळेपर्यंत बाहेर उभी राहायची. कडाक्याच्या दिवसांत ती माझ्या अंगाला पाठ लावून झोपायची. मी पहाटेपर्यंत जितका ऊबदार राहू शकतो तितका राहिलो. मग निवलो. ती रडायची का? नाही. रडली असती तर मला कळलं असतं, तिची पाठ मला लागलेली होती.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. भाऊबीजेला तिनं दोघा भावांसाठी पाणी तापवलं. बबलू गुपचूप नाहून गेला. कल्याण आला नाही. ते पाणी माझ्या पोटातच निवलं.

मग माघ आला आणि सप्ताह बसला. काल्याच्या कीर्तनाला धर्मराज महाराज येणार होते. वंदनानं मला चिंच लावून घासलं, अगदी सगुणाबाईंसारखं. त्या दिवशी कल्याण भल्या सकाळी जालन्याहून आला. महाराजांना पाणी कोणी घालायचं, यावरून दोन्ही भावांत अबोल्यातच चढाओढ. एकानं टॉवेल आणला, तर दुसऱ्यानं नवा साबण.

महाराज आले. अंगानं बारीक, गळ्यात तुळशीची माळ. "रामकृष्ण हरी" म्हणत त्यांनी पडदा बाजूला केला आणि पाऊल आत टाकता टाकता थांबवलं. त्यांना पेटी दिसली. गुंडाळलेली गोधडी दिसली. भिंतीच्या खिळ्याला लटकलेला आरसा, कोनाड्यात कंगवा, बुक्क्याचा डबा.

"इथं कोण राहतं?"

कल्याणनं बबलूकडं पाहिलं. बबलूनं कल्याणकडं पाहिलं. वंदना माझ्यामागं राखेची पाटी घेऊन उभी होती.

"मी राहते, महाराज. पाणी तापलंय. या तुम्ही, मी बाहेर थांबते."

महाराजांनी पाऊल मागं घेतलं. "माय, हे तुझं घर हाये. कोणाच्या घरात शिरून अंगावर पाणी ओतून घ्यावं, असं मला कोणी शिकवलं न्हाई."

एवढं बोलून ते वळले. अंगण ओलांडलं, रस्ता ओलांडला आणि देवळासमोरच्या नळाखाली जाऊन बसले. माघातलं गार पाणी. फटीतून मला दिसत होतं. टाळकरी गोळा झाले, बाया डोक्यावर पदर घेऊन थांबल्या. साहेबराव धावत आले, "महाराज, पाणी तापलंय आत! काकासाहेबाचं घर!" महाराज "विठ्ठल, विठ्ठल" म्हणत अंगावर तांब्यांमागून तांबे ओतत राहिले. त्यांचे ओठ निळे पडले होते. आणि दोन्ही भाऊ रस्त्याच्या अलीकडं, एक टॉवेल धरून, एक साबण धरून, सगळ्या हसनाबादसमोर उभे होते.

एक म्हातारी कोणाला तरी म्हणाली, "लेक न्हाणीत, अन् खोल्यांना कुलूप. काकासाहेबाच्या घरी, बया!" फार मोठ्यानं नाही म्हणाली. पण अलीकडं दोघा भावांपर्यंत ते पोचलं.

कल्याण न्हाणीपाशी आला. खिशातून कडी काढली. मोटारसायकलची किल्ली एकीकडं आणि घराची एकीकडं करताना त्याची बोटं चुकत होती. त्यानं खोलीची किल्ली माझ्या झाकणावर ठेवली. 

"भाऊ, हात जपा," वंदना म्हणाली. "तापलाय तो."

तो गेला. तिनं किल्ली उचलली नाही. देवळात कीर्तन उभं राहिलं आणि ती ऐकायला गेली. महाराजांनी आमच्या घराचं नावसुद्धा काढलं नाही. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, सगळ्या एकत्र कालवल्या आणि मिळून खाल्ल्या, ही काल्याची नेहमीचीच कथा त्यांनी सांगितली. भोंग्यातून ती माझ्यापर्यंत आली. किल्ली माझ्या झाकणावर थरथरत होती.

दुपारी वंदना लाह्यांचा प्रसाद घेऊन परतली. थोडा वेळ उभी राहिली. मग पदरानं किल्ली उचलली, पेटी उचलली आणि बापाच्या खोलीकडं गेली. कुलूप गंजलं होतं, दोनदा फिरवावं लागलं.

सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. भाऊ भाऊ अजून बोलत नाहीत. सहीचं काय झालं ते मला ठाऊक नाही, आणि शिवकन्या अजून मोडीचा भाव विचारते. न्हाणीत आता मी एकटाच असतो, मोकळी फरशी आणि मी. पण सकाळी वंदना येते. आधी माझी राख काढते, मग जाळ घालते. आणि पहिलं पाणी स्वतः घेते. तिच्या बापाचा नियम होता तो.

मित्रांनो, माझी राख रोज काढली नाही तर वरून कितीही लाकडं घाला, नुसता धूर होतो. घरातली अढीही तशीच साचते, तीही रोजच्या रोज काढत जा. तुम्ही लहान आहात, तुमच्या घरच्या वाटण्या मोठी माणसं करतील. ते ओट्यावर बसून खोल्या मोजत असतील तेव्हा तुम्ही एक करा. उठा, अंगणाच्या कोपऱ्यात जा, पडदा बाजूला करा, आणि आत कोणाची गोधडी तर नाही ना, तेवढं बघून या.