उत्तर आले नाही

ते तीन शब्द व्हर्लाने स्वतःच्या बोटांनी टाइप केले होते, आणि एकदा नव्हे, चारदा. प्रश्न चार होते. डावीकडे मार्लिस किओची उत्तरं, पुलाबद्दल, रुग्णवाहिकेबद्दल, रस्त्याकडेच्या तणाबद्दल आणि वाचनालयाच्या शनिवारबद्दल, प्रत्येकी मोजून शंभर शब्द. उजवीकडे ऑरिन हास्केचा टोपीतला फोटो आणि त्याखाली पांढरी जागा. त्या जागेत चार वेळा: उत्तर आले नाही.

काउंटी कमिशनरच्या, म्हणजे जिल्ह्याच्या कारभाऱ्याच्या, निवडणुकीचं साप्ताहिकातलं हे पान टॅमरॅक काउंटीत फार महत्त्वाचं. मतपत्रिका टपालाने आठवडाभर आधीच घरी आलेल्या असत, पण पान हातात पडेपर्यंत पाकीट फोडायला कुणी धजत नसे. बुधवारी साप्ताहिक आलं की स्वयंपाकघरातल्या टेबलावर एका बाजूला पान, दुसऱ्या बाजूला मतपत्रिका, मध्ये कॉफी. नवरा-बायको प्रश्नागणिक भांडत, खुणा करत, आणि शुक्रवारपर्यंत कोर्टासमोरची लोखंडी पेटी भरून जाई. निवडणुकीची तारीख तीन आठवडे पुढे असली तरी खरी निवडणूक त्या दोन-तीन दिवसांतच उरकायची.

पान चौदा वर्षं व्हर्लाच लावत आली होती आणि त्याचे नियमही तिचेच. शंभरावा शब्द आला की कात्री, वाक्य अर्धं राहिलं तरी. मुदतीची आठवण फोनवर, एकदाच, सगळ्यांना सारखी. ऑरिनचा फोन खूप वेळ वाजला, कुणी उचलला नाही. गाईंकडे गेला असेल. दुसऱ्यांदा तिने केला नाही.

बुधवारी पोस्टात दोघीतिघींनी तिला गाठलं. ऑरिनला चार ओळी लिहायलाही सवड नाही का, अशाने कमिशनर कसा होणार, असं एकीने विचारलं. व्हर्ला म्हणाली, "मी तर फोनसुद्धा केला होता." अक्षर न् अक्षर खरं होतं ते. पुढे तेच वाक्य तिला सगळ्यात जास्त टोचत राहिलं.

गुरुवारी सकाळी तिने फडताळाच्या वरच्या फळीवरून काचेची मोठी डिश काढली. शुक्रवारी संध्याकाळी शेतकऱ्यांच्या ग्रेंज हॉलमध्ये दोन्ही उमेदवारांची सभा होती आणि सभेला प्रत्येक घराने काही ना काही करून न्यायचं असे. व्हर्ला साय घालून भाजलेले बटाटे नेई. डिशच्या बुडाला चिकटपट्टीवर तिचं नाव होतं. कुणाच्या घरी माणूस गेलं की शेजारपाजारच्या अशा नावाच्या डिशा भरून जातात आणि महिन्या-दोन महिन्यांनी धुऊन, आत आभाराचं कार्ड ठेवून परत येतात. ही डिश जुलैत ऑरिनकडे गेली होती, त्याची बायको डेल्फा गेली तेव्हा. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, व्हर्ला घरी नसताना, तो ती पायरीवर ठेवून गेला होता. वर चंदेरी कागद, आत बंद पाकीट.

ते पाकीट तिने उघडलंच नव्हतं. आत काय असणार हे तिला ठाऊक होतं: डेल्फाचं नाव आणि आभार. आणि आभार मानण्याजोगं तिने काय केलं होतं? ईस्टरनंतर ती डेल्फाकडे फिरकली नव्हती. आजाराला नाव मिळालं त्या आठवड्यात जाऊ म्हणाली, मग पुढच्या, मग मुलीकडे जाऊन आल्यावर. चाळीस वर्षांची मैत्रीण, आणि तिच्या पलंगाशी बसून काय बोलायचं हे सुचेना म्हणून ही बाई आठवडे ढकलत राहिली. शेवटी बटाटे घेऊन गेली, ते खाणारी नव्हती तेव्हा. त्या घरातून आलेला आभाराचा कागद वाचणं तिच्याने झालं नाही. डिश पाकिटासकट, चंदेरी कागदासकट फळीवर चढली.

आता डिश तर लागणारच होती. व्हर्लाने जीव मुठीत धरून पाकीट फोडलं. आत कार्ड नव्हतं. चार पिवळे कागद होते, रेघांचे, पेन्सिलीने लिहिलेले. वर एक ओळ: "व्हर्ला, ते कॉम्प्युटरचं मला जमत नाही. शब्द मोजले आहेत. ऑ." प्रत्येक उत्तराखाली आकडा घालून गोल केला होता.

बटाटे तसेच राहिले. ती उभ्याउभ्याच वाचत गेली. पुलाबद्दल लिहिताना त्याने कुठली तुळई कधी कुजली तेही दिलं होतं. सत्तावीस वर्षं काउंटीचे मातीचे रस्ते यंत्राने सपाट करण्यात गेली होती त्याची. शेवटचं उत्तर सगळ्यात लहान होतं: "शनिवारी उघडं ठेवा. डेल्फा शनिवारी जायची. बाकी मला पुस्तकातलं फारसं कळत नाही." खाली गोलात बारा.

कागद घेऊन ती तडक साप्ताहिकाच्या कचेरीत गेली. मालक-संपादक ग्लेन ऑस्टब्लूमने चष्मा कपाळावर चढवून चारही वाचले आणि सावकाश घडी घातली. पुढच्या बुधवारी दुसऱ्या पानावर चौकट टाकू, म्हणाला. तांत्रिक चुकीमुळे असं असं झालं, दिलगीर आहोत.

"तांत्रिक म्हणजे कोण, मी?" व्हर्ला म्हणाली.

"तुझं नाव कशाला घालायचं? नाव जातं ते पेपरचं."

"बुधवारपर्यंत पेटी भरून गेलेली असेल, ग्लेन."

वेबसाइट होती, पण तिचा परवलीचा शब्द त्याच्या भाच्याकडे, आणि भाचा आरमारात, कुठल्या समुद्रात ते त्याच्या आईलाही माहीत नव्हतं. ग्लेनने चष्मा खाली ओढला. "ऑरिन काही बोललाय का? नाही ना? मग तू कशाला उकरतेस?"

तेच तर तिला खात होतं. ऑरिन एक शब्द बोलला नव्हता.

कचेरीतून बाहेर पडली तर समोर कोर्टाची पेटी. एक म्हातारा गाडी चालू ठेवूनच उतरला, पाकिटावरची सही तपासली, पाकीट आत सरकवलं. मागोमाग काल पोस्टात भेटलेली ती बाई आली, काखेत घडी घातलेलं पान. तिने लांबून हात केला. व्हर्लानेही केला. धावत जाऊन सांगावं असं वाटलं, पण पाय हलले नाहीत आणि पेटीचं झाकण वाजलं.

शुक्रवारी सकाळी ती ऑरिनकडे निघाली. खालचा पूल बंद असल्यामुळे वरून वळसा घालावा लागला. रस्ता कोरडा, ऊन स्वच्छ, समोरून एक वाहन नाही, तरी पोचेपर्यंत एक्कावन्न मिनिटं झाली. घड्याळात पाहायचं नाही असं तिने ठरवलं होतं. पाहिलंच.

ऑरिनने दार उघडलं, तिच्या हातातले पिवळे कागद पाहिले आणि कॉफी ओतायला वळला. डेल्फाची खुर्ची टेबलाशी तशीच होती. तिच्यावर आता पशुखाद्याची यादी आणि बिलं पडली होती. व्हर्ला उभीच राहिली.

"बस की."

"ऑरिन, हे मला काल सापडलं. तू डिशमध्ये ठेवलं होतंस. मला वाटलं आभाराचं कार्ड आहे."

त्याने साखर तिच्यापुढे सरकवली. "मला वाटलं, तू वाचलंस आणि छापण्याजोगं नाही असं ठरवलंस. माझं शुद्धलेखन डेल्फाच बघायची."

यापेक्षा तो ओरडला असता तर बरं होतं. कार्ड असेल असं वाटलं तर उघडलं का नाही, हे तो विचारत नव्हता, म्हणून तिनेच सांगितलं: ईस्टरनंतर आपण आलो नाही, तोंड नव्हतं म्हणून. मग जे विचारायचं नाही असं वाटेत एक्कावन्न मिनिटं घोकत आली होती तेच तोंडातून गेलं. "डेल्फा विचारायची का रे माझं?"

ऑरिनने कप खाली ठेवला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

"विचारायची," तो म्हणाला. "गाडीचा आवाज आला की, व्हर्ला आली का बघ, म्हणायची."

निघताना ती म्हणाली, आज सभेत मी सगळ्यांसमोर सांगणार आहे. तो म्हणाला, तुझं तू ठरव, ग्लेन चिडेल, नोकरीवर पाणी सोडू नकोस माझ्यासाठी.

संध्याकाळी सहाला हॉल भरला. बटाटे, सॅलड, फळं भरून भाजलेले तीन तऱ्हेचे पाई, सगळं मागच्या टेबलावर मांडलेलं. पहिल्या रांगेत व्हर्ला, मांडीवर तीन कार्डं: हिरवं, पिवळं, लाल. उमेदवाराला बोलायला दोन मिनिटं, अर्धं मिनिट उरलं की पिवळं, संपलं की लाल. लाल वर गेलं की मग भलेभले वाक्य अर्ध्यावर टाकून बसत. तिच्या कार्डाचा दराराच तसा होता.

सुरुवातीलाच उठून सांगायचं असं तिने ठरवलं होतं. सुरुवातीला प्रार्थना झाली, मग झेंड्यापुढे शपथ झाली, मग पुलाचा प्रश्न आला. हा प्रश्न होऊ दे, मग उठू. पूल झाला, तणाचा प्रश्न निघाला. हा झाला की. आपण काय करतोय हे तिला स्वच्छ दिसत होतं. वसंतात आठवडे ढकलले होते, आता मिनिटं ढकलत होती.

मार्लिस किओ आठ वर्षं कमिशनर होती. बाई जिभेची तिखट, पण कामाची. तिची दोन मिनिटं संपत आली तशी ती म्हणाली, "ऑरिन माणूस सोन्यासारखा आहे, मंडळी. पण कमिशनरच्या टेबलावर रोज ढीगभर पत्रं येतात. चार प्रश्नांना ज्याचं उत्तर येत नाही, त्याच्या टेबलावरच्या न फोडलेल्या ढिगावर झोपायला मांजरांची सोय मात्र छान होईल." हॉल हसला. ग्लेनही हसला.

ऑरिन उठला. त्याचे कान लाल झाले होते. व्हर्लाकडे न बघता तो म्हणाला, "ते माझंच चुकलं. पाकीट मी हातात नेऊन द्यायला हवं होतं."

बस, एवढंच. खोटं न बोलणाऱ्या माणसाने तिच्यासाठी केलेली ही तडजोड होती, आणि ती तिला सोसवेना. ती उठली. कार्डं धरायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून मार्लिसच्याच हातात दिली.

"मला दोन मिनिटं दे," ती म्हणाली. "नियम तोच."

मग तिने सांगितलं. पाकीट तिच्याकडे मुदतीच्या चार दिवस आधी आलं होतं. ते तिच्या फळीवर होतं. उघडलं नाही कारण तिला डेल्फाच्या घरून आलेला कागद वाचायची लाज वाटत होती. कशाची लाज, तेही सांगितलं. पोस्टात आपण फोनचं बोललो ते खरं होतं, पण दोष त्याच्यावर ढकलायला बोललो होतो. मार्लिसने पिवळं वर केलं. व्हर्लाने कागद काढला आणि रुग्णवाहिकेचं उत्तर वाचायला घेतलं.

"'पूल बंद झाल्यापासून आमच्या बाजूला गाडी वळसा घालून येते. जुलैत डेल्फासाठी बोलावली तेव्हा बावन्न मिनिटं लागली. चालवणारा बिनपगारी, जेवणावरून उठून आलेला, त्याचा दोष नाही. कमिशनरचाही नाही, तिजोरीत काही नाही हे मला माहीत आहे. पण पूल होईपर्यंत माझ्या गोठ्यात—'"

लाल कार्ड वर गेलं. व्हर्ला थांबली, शब्दावरच, चौदा वर्षं इतरांना थांबवत आली तशी, आणि खाली बसली.

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. मागून एकाने विचारलं, "गोठ्यात काय?"

ऑरिनला बोलावंच लागलं. "गाडी. रुग्णवाहिकेच्या दोनपैकी एक गाडी माझ्या गोठ्यात उभी करा. आमच्या बाजूला चालवणारे तिघं आहेत. जागेचं काही नको. किल्ली मी सांभाळीन."

मार्लिसने कार्ड हळूच मांडीवर ठेवलं आणि पर्समधून पेन काढून काहीतरी लिहून घेतलं.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून पोस्टात भेटलेली ती बाई बोलली, रागाने नव्हे, आपली चुटपुट लागल्यासारखी. "मी तर कालच टाकलं गं पेटीत."

"आम्हीही," तिच्या पलीकडून कुणीतरी म्हणालं. मग आणखी एकजण. व्हर्लाने मान वर केली नाही.

पुढच्या बुधवारी चौकट पहिल्या पानावर आली, व्हर्लाच्या नावानिशी, ब्याण्णव शब्दांची. ग्लेन तीन दिवस तिच्याशी बोलला नव्हता, पण एका शब्दालाही त्याने कात्री लावली नाही. नोव्हेंबरात मतं मोजली तेव्हा ऑरिन एकतीस मतांनी हरला. ही एकतीस त्या दोन दिवसांतली की नाहीत हे कुणालाच सांगता येणार नव्हतं. लोकांनी व्हर्लाला तसंच समजावलं, पोस्टात, चर्चमध्ये, किराणा दुकानात. जितकं समजावलं तितकं तिला नक्की वाटत गेलं. गोठ्यातल्या गाडीचा विषय मार्लिसने जानेवारीच्या बैठकीत घेतला, ऑरिनच्या नावाने.

सभेतून उरलेले बटाटे डिशसकट ऑरिन घेऊन गेला होता. निकालानंतरच्या आठवड्यात व्हर्ला बाजार करून घरी आली तर पायरीवर डिश, धुतलेली, वर चंदेरी कागद. आत पाकीट.

तिने पिशव्या पायरीवरच टेकल्या. दाराची किल्ली हातात, अंगावर कोट, तशीच वाऱ्यात उभी राहून तिने पाकीट फोडलं. पिवळा कागद, पेन्सिल.

"मीठ जास्त पडतं तुझ्या हातून. डेल्फा नेहमी म्हणायची, आणि सगळे संपवायची. ऑ."

खाली बरीच जागा मोकळी होती. व्हर्लाने कागद उलटून पाहिला. मागे काही लिहिलेलं नव्हतं. तिने तो परत सुलटा केला आणि पहिल्यापासून वाचायला लागली.